पेशंट आला नाही तरी

"पेशंटला घेऊन या." व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोविकार विभागात एकटीच आलेली आई, बायको, बहीण बहुतेक वेळा एवढंच ऐकून परत जाते. ती आलेली असते तीच मुळी पेशंट यायला तयार नाही म्हणून. त्याच्या मते त्याला काही झालेलंच नाही. झालं असलंच तर ते घरच्यांना. मग तिची पुढची भेट होते ती त्याला रक्ताच्या उलट्या सुरू झाल्यावर, नाहीतर 'शेजारी माझ्या डोक्यातलं ऐकतात' म्हणत त्यानं कुणावर तरी हात उचलल्यावर.

व्यसन आणि मानसिक आजार असलेल्या घरांबरोबर समुपदेशक म्हणून काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. घरच्यांना मिळणारी मदत रुग्णाच्या उपचारावर अवलंबून असू नये. रुग्ण आला नाही, अर्ध्यातून उठून गेला, बरा झाला नाही, तरीही घरातल्या माणसांसाठी कुणीतरी शिकलेला, पगारी माणूस असला पाहिजे. आणि त्याचं काम 'रुग्ण किती सुधारला' या मापानं मोजलं जाऊ नये. ऐकायला हे अगदी साधं वाटेल. पण केसपेपरपासून वार्षिक अहवालापर्यंत सगळी मांडणी याच्या उलट आहे. केसपेपरवर नाव एकाचं, अहवालात 'यशस्वी' म्हणून मोजला जातो तोही एकच.

व्यसनाच्या बाबतीत घरचे नेहमी उशिरानंच आत येतात, हा इतिहासच आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेची सुरुवात अमेरिकेत १९३५ साली झाली. पुरुष आत बसून एकमेकांना आधार देत आणि बरोबर आलेल्या बायका बाहेर ताटकळत. त्या बायकांना एकमेकींशी बोलता बोलता कळलं, की आपल्यालाही काहीतरी झालं आहे. नवऱ्याची दारू सुटल्यावरही आपला राग, आपली पाळत ठेवायची सवय सुटलेली नाही. घरच्यांची स्वतंत्र संघटना, अल-अॅनॉन, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या एका संस्थापकाची पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकारानं उभी राहिली ती १९५१ मध्ये. मध्ये सोळा वर्षं गेली. मुलांचा नंबर त्याहून उशिरा लागला. किशोरवयीनांसाठीचं अलटीन १९५७ चं.

मानसिक आजारांच्या बाबतीत घरच्यांना लवकर आत बोलावलं गेलं, पण आरोपी म्हणून. १९४८ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' ही कल्पना मांडली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी 'डबल बाइंड'चा सिद्धांत आणला: तोंडानं एक आणि वागण्यातून दुसरं असे परस्परविरोधी संदेश घरातून सतत मिळाले की मुलाचं मन फाटतं, असा त्याचा मथितार्थ. आजाराचं कारण म्हणून यातलं काहीही पुराव्यावर टिकलं नाही. पण त्या काळात कितीतरी आयांनी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना मुलाच्या आजाराबरोबर स्वतःचा गुन्हाही घरी नेला, आणि आजही माझ्यासमोर बसलेली आई पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारते: "माझ्याच हातून काही चुकलं का?" सिद्धांत मोडीत निघाले तरी तो प्रश्न मोडीत निघालेला नाही.

व्यसनाच्या क्षेत्रात हाच आरोप जरा गोड शब्दांत येतो. नवऱ्याच्या ऑफिसात फोन करून 'त्यांना ताप आहे' असं सांगणाऱ्या बाईला 'एनेबलर' म्हणजे व्यसनाला हातभार लावणारी म्हणायचं, 'कोडिपेंडंट' म्हणजे त्याच्या व्यसनाभोवतीच स्वतःला बांधून घेतलेली म्हणायचं, जणू हा तिच्या स्वभावातलाच दोष. मला हे शब्द पटत नाहीत. ती बाई आजारी नाही, ती हिशेब करते आहे. त्याची नोकरी गेली तर घरभाडं कोण भरणार, हा तो हिशेब. तो चुकीचा असू शकतो. तिच्या एका फोनमुळे त्याला दारूचे परिणाम भोगावे लागत नाहीत हेही खरं. पण हिशेब करणाऱ्या माणसाशी हिशेबावर बोलावं, त्याचं निदान करत बसू नये.

इथं एक आक्षेप रास्तपणे येतो. घरातल्या वातावरणाचा आजारावर परिणाम होतो, हे तर संशोधनानंच दाखवलं आहे ना? दाखवलं आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की रुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे गेलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. त्यातून 'एक्स्प्रेस्ड इमोशन' ही मोजपट्टी आली. घरच्यांच्या बोलण्यात टीका किती, वैरभाव किती, रुग्णात अतिरेकी गुंतणं किती, हे मुलाखतीतून मोजायचं. १९९४ मध्ये २५ अभ्यासांतली माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा या मोजपट्टीवर 'जास्त' ठरलेल्या घरांतल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी सुमारे ५० टक्के पुन्हा आजारी पडल्याचं दिसलं. 'कमी' ठरलेल्या घरांत हे प्रमाण २१ टक्के होतं.

हा आकडा घरच्यांच्या तोंडावर फेकता येतो, आणि फेकलाही जातो. पण घरचे टीका कशावर करतात ते बघा. भास, भ्रम यांवर फारशी नाही. ते आजार म्हणून ओळखू येतात. टीका होते ती दुपारी बारापर्यंत झोपण्यावर, आंघोळ न करण्यावर, दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यावर. स्किझोफ्रेनियात उमेद आटणं, बोलणं कमी होणं, कशातच रस न राहणं हीसुद्धा लक्षणंच असतात, पण घरच्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना दिसतो तो आळस. मनोविकारतज्ज्ञ ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एका छोट्या अभ्यासात अशा तापलेल्या घरांना आजाराची माहिती दिली, नातेवाइकांचे गट भरवले, घरी जाऊन भेटी घेतल्या. सगळे रुग्ण औषधांवर होते. नऊ महिन्यांत नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी निम्मे पुन्हा आजारी पडले. ज्यांच्या घरच्यांबरोबर काम झालं त्यांच्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली राहिलं. अभ्यास छोटा होता, पण नंतरच्या मोठ्या कामानंही दिशा तीच दाखवली. घरच्यांचा राग हा बराचसा माहितीच्या अभावातून आणि थकव्यातून येतो, आणि या दोन्हींवर इलाज आहे.

आता कुणी म्हणेल, मग झालंच की! घरच्यांना मदत करा म्हणजे रुग्ण बरा होईल. हा युक्तिवाद मी स्वतःही वापरते, कारण निधी देणाऱ्यांना तोच पटतो. पण त्यात एक खोच आहे, आणि ती एका गाजलेल्या अभ्यासातून चांगली दिसते.

१९९९ मध्ये विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि स्कॉट टोनिगन यांनी उपचाराला नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० नातेवाइकांवर तीन पद्धती तपासल्या. पहिली अल-अॅनॉनच्या विचाराची: त्याचं पिणं तुमच्या हातात नाही, स्वतःकडे बघा. दुसरी सामूहिक सामन्याची: सगळ्या घरानं तयारी करून एके दिवशी त्याला समोर बसवायचं आणि उपचाराची मागणी करायची. तिसरी 'क्राफ्ट' (कम्युनिटी रीइन्फोर्समेंट अँड फॅमिली ट्रेनिंग): तो शुद्धीत असताना त्याच्याबरोबरचा वेळ चांगला घालवा, प्यायलेला असताना बाजूला व्हा, पिण्याचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्या, आणि तो स्वतःहून डगमगेल त्या क्षणी उपचाराचा पर्याय तयार ठेवा. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांच्या घरचा मद्यपी उपचाराला आला. सामन्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं, अल-अॅनॉनच्या वाटेनं १३ टक्के. (अल-अॅनॉनवर हा थोडा अन्यायच. दुसऱ्याला उपचाराला आणणं हा त्यांचा दावा कधीच नव्हता.) सामना हवा असणारे सिनेमात भरपूर दिसतात, प्रत्यक्षात बरीच घरं त्या दिवसापर्यंत पोचतच नाहीत, ऐनवेळी मागे फिरतात.

प्रशिक्षणांत, भाषणांत हा ६४ चा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही: नातेवाइकांची स्वतःची स्थिती आणि नातेसंबंध तिन्ही गटांत सारखेच सुधारले. म्हणजे रुग्ण आला की नाही याच्याशी त्या सुधारणेचा संबंध नव्हता. माझ्या लेखी त्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, आणि ती तळटीप होऊन बसते, कारण आपण नातेवाइकाला रुग्णापर्यंत पोचायचा रस्ता समजतो. रस्त्याला काय वाटतं हे कोण विचारणार!

त्यांना काय काय वाटतं, ते सांगते. पहिली गोष्ट भीती, आणि ती अनेकदा चुकीच्या जागी असते. रोज पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून 'दारू तोडायला' निघालेलं घर त्याच्या शिव्यांना घाबरतं. घाबरायला हवं ते फिट्सना. अनेक वर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमिष्टपणा, थरथर, ताप अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं. जेवणात गुपचूप दारू सोडवायचं औषध मिसळणारी घरंही असतात. त्यातलं डायसल्फिरॅम पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर बेतू शकतं. म्हणून ते रुग्णाला सांगितल्याशिवाय द्यायचंच नसतं. अफूच्या वर्गातल्या नशांचं आणखी वेगळं. केंद्रात काही आठवडे राहून बाहेर आलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचाच डोस त्याला मारू शकतो. घरचे मात्र 'आता सुटला' म्हणून निर्धास्त झालेले. मनोविकार रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत जोखमीचे असतात, हेही किती घरांना दारातून बाहेर पडताना सांगितलं जातं? त्यांच्या हातात असतं गोळ्यांचं वेळापत्रक. सर्वांत धोक्याचे दिवस ज्यांनी सांभाळायचे, तेच सर्वांत कमी माहिती असलेले. ही निष्काळजी आहे, आणि ती नातेवाइकांची नाही.

दोन्ही आजार एकाच माणसात असतील तर घरच्यांची अवस्था चेंडूसारखी होते. इथले म्हणतात आधी दारू थांबवा, तिथले म्हणतात आधी डोकं ताळ्यावर आणा. तो गांजा ओढतो म्हणून संशय घेतो, की संशयानं बेचैन होतो म्हणून ओढतो, याचं उत्तर मिळायला महिने लागू शकतात. तोवर दोन्हीकडचे उपचार एकत्र चालायला हवेत, हे आता या क्षेत्रात मान्य आहे. पण विभाग दोन, फाइली दोन, आणि दोन्ही फाइलींत नसलेली एक बाई दोन्हीकडे तीच कहाणी पहिल्यापासून सांगत बसलेली.

मग गोपनीयतेचं कारण पुढे येतं. "आम्ही तुमच्याशी त्याच्याबद्दल बोलू शकत नाही." बरोबर, रुग्णाची गोपनीयता मोडू नये, मीही मोडत नाही. पण ती बोलण्यावरची बंदी आहे, ऐकण्यावरची नव्हे. त्यानं काय सांगितलं हे मी आईला सांगणार नाही. आईला काय दिसतंय हे मात्र मी ऐकू शकते. त्या आजाराबद्दल कुणालाही देता येईल अशी सर्वसाधारण माहिती देऊ शकते. आणि तिची स्वतःची झोप, तिचा रक्तदाब, तिची भीती यांच्याशी त्याच्या गोपनीयतेचा काय संबंध? बरेचदा गोपनीयतेचा आधार घेतला जातो तो वेळ नाही म्हणून. वेळ नसणं ही खरी अडचण आहे. ती खरी म्हणूनच सांगावी.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जिम ऑरफर्ड आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि नैर्ऋत्य इंग्लंड अशा एकमेकांपासून दूरच्या जागी व्यसनी माणसांच्या नातेवाइकांचा अभ्यास केला. संस्कृती वेगळ्या, तरी घरच्यांच्या वागण्याचे ढोबळ प्रकार तेच सापडले: सोसणं, भिडणं, बाजूला होणं. मला ही मांडणी आवडते, कारण त्यात कुणाला आजारी ठरवलेलं नाही. अवघड परिस्थितीत सापडलेली साधी माणसं जे करतील तेच ती करत आहेत. बहुतेक जण तिन्ही करतात, कधी एकाच दिवशी. सकाळी बाटली ओतून देणारी आई संध्याकाळी पैसे हातावर ठेवते, कारण धाकटीची उद्या परीक्षा आहे आणि घरात आज आरडाओरडा नको. समुपदेशकानं तिला 'पैसे देऊ नका' असं सांगणं सोपं असतं. कठीण असतं ते प्रत्येक वाटेची किंमत तिच्यासमोर मांडणं: पैसे दिले तर काय होईल, नाही दिले तर आज रात्री काय होईल, धाकटीला एका रात्रीसाठी दुसरीकडे झोपायला पाठवता येईल का. निर्णय तिचा. मी तिच्या घरात झोपत नाही.

मुलांबद्दल थोडंच लिहिते, कारण बोलायला लागले तर हा लेख त्यांचाच होईल. त्यांना सत्य हवं असतं, वयाला झेपेल एवढं. 'बाबांना बरं नाही, ते तुझ्यामुळे नाही, आणि त्यांना बरं करणं हे तुझं काम नाही' ही तीन वाक्यं कुणीतरी मोठ्या माणसानं स्पष्ट म्हणायला हवीत. बहुतेक घरांत ती म्हटली जात नाहीत, कारण मोठ्यांना वाटतं मुलांना काही कळत नाही. किल्ली कुलपात कशी फिरते यावरून आज बाबा किती प्यायलेत हे मुलाला कळतं.

आणि एक दुःख असतं ज्याला कुणी सांत्वनाला येत नाही. पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना 'अॅम्बिग्युअस लॉस', म्हणजे धड गमावलं की नाही हेच स्पष्ट नसलेलं दुःख, ही संकल्पना मांडली. माणूस देहानं नाही पण मनातून जात नाही, हा त्याचा एक प्रकार. दुसरा प्रकार उलटा: माणूस समोर बसलेला आहे, पण तो 'तो' राहिलेला नाही. बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाचे वडील त्याच्या जुन्या प्रमाणपत्रांची फाइल सांभाळून ठेवतात, तेव्हा ते आशा धरून आहेत की शोक करत आहेत, हे त्यांनाही सांगता येत नाही. अशा माणसाला 'सकारात्मक राहा' म्हणणं क्रूरपणा आहे.

पैशाचा आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. रुग्णांनाच डॉक्टर पुरत नाहीत, तिथं नातेवाइकांसाठी समुपदेशक कुठून आणायचे? दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, हे काम लांबलचकच असावं लागतं असं नाही. ऑरफर्ड यांच्या गटानं इंग्लंडमध्ये प्राथमिक आरोग्यसेवेत नातेवाइकांसाठी पाच पायऱ्यांची पद्धत वापरून पाहिली: ऐकून घेणं, नेमकी माहिती देणं, आतापर्यंत काय काय करून पाहिलं याचा आढावा, आधाराची माणसं शोधणं, पुढं काय लागेल ते ठरवणं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाचपर्यंत भेटी मिळालेले आणि एकच भेट व पुस्तिका मिळालेले, अशा दोन्ही गटांचा त्रास कमी झाला, आणि दोघांत म्हणावा असा फरक आढळला नाही. काहीच न मिळालेला गट तुलनेला नव्हता, तेव्हा यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण एका नीट घेतलेल्या भेटीलाही मोल असावं असं मानायला जागा आहे. दुसरी गोष्ट, नातेवाइकांवर खर्च न करणं फुकट पडत नाही. तो खर्च त्यांच्या नैराश्याच्या, पाठदुखीच्या, झोपेच्या गोळ्यांच्या रूपानं दुसऱ्या खात्यात पडतो, इतकंच.

मात्र हे काम चांगल्या मनाच्या स्वयंसेवकावर सोडून देता येणार नाही. 'मी यातून गेलोय' हा अनुभव मोलाचा, पण तेवढ्यावर दुसऱ्याच्या घरात शिरू नये. आपला मार्ग सगळ्यांना लागू पडतो असं वाटायला फार वेळ लागत नाही. जिथं मारहाण आहे तिथं नवरा-बायकोला एकत्र बसवून 'मोकळेपणानं बोला' म्हणणारा समुपदेशक बाईचा जीव धोक्यात घालतो; तिनं इथं जे बोललं त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. अशा वेळी तिला एकटीला भेटायचं, सुरक्षित जागा, फोन, कागदपत्रं यांची तयारी आधी करायची. रुग्णाचा आणि घरच्यांचा समुपदेशक शक्यतो वेगळा असावा, कारण दोघांचं हित दर वेळी एकच नसतं. घरच्यांनाही समुपदेशकाचा वापर करून घ्यायचा असतो कधी कधी: संपत्तीच्या वादात त्याला 'वेडा' ठरवणारी चिठ्ठी हवी असते, किंवा त्याला कायमचं कुठंतरी ठेवून द्यायचं असतं. तेव्हा ठाम नाही म्हणता यायला हवं. हे सगळं शिकावं लागतं, आणि शिकलेल्या समुपदेशकाच्या कामावरही नजर ठेवणारा, त्याचं ऐकून घेणारा वरिष्ठ लागतो.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र वेगळाच असतो. काही महिने येणारी बाई एके दिवशी सांगते, "मी वेगळी राहणार आहे." तिनं रागाच्या भरात ठरवलेलं नसतं. हिशेब मांडून झालेला असतो, मुलांची शाळा बघून झालेली असते, त्याला तिनं शुद्धीत असताना सांगितलेलंही असतं. केंद्राच्या नोंदीत याला रकाना नाही; असलाच तर 'कौटुंबिक आधार तुटला' असा. रुग्णासाठी ती वाईट बातमी असू शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी राहण्याची सोय, भेटायला येणारं कुणीतरी, औषधांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा लागेल. ती उभी करणं समाजाचं आणि शासनाचं काम आहे. ती अजून उभी नाही म्हणून त्या बाईनं आयुष्यभर तिची जागा भरावी, असं तिला सांगायचा अधिकार मला कुणीही दिलेला नाही. मी तिला विचारते की पहिल्या महिन्यात तो दाराशी आला तर तू काय करशील, कुणाला फोन करशील, मुलांना त्याला कधी आणि कुठं भेटू देशील. मग आम्ही ते लिहून काढतो आणि पुढची तारीख ठरवतो.